तवंग दिसला की आधी काय मोजायचं?

ऊसतोड संपली की फडात पाचट उरतं. आपल्याकडे बरेच जण ते पेटवून मोकळे होतात, काही जण खोडव्यात कुजवतात. ऑगस्ट २०२० मध्ये मॉरिशसच्या लोकांनी हेच पाचट कापडी पिशव्यांत ठासून भरलं, ते बुडू नये म्हणून रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बांधल्या, पिशवीला पिशवी जोडून लांबच लांब माळा केल्या आणि समुद्रात सोडल्या. मॉरिशस उसाचं बेट आहे. एकोणिसाव्या शतकात इथून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पणतवंडं आजही तिथे राहतात.

झालं होतं असं. २५ जुलैला ‘वाकाशियो’ नावाचं जपानी मालकीचं मालवाहू जहाज तिथल्या प्रवाळाच्या खडकावर चढून बसलं. जहाजात सुमारे ३,९०० टन इंधन तेल होतं. बारा दिवस ते लाटांचे तडाखे खात तसंच पडून राहिलं आणि ६ ऑगस्टला टाकी फुटली. सुमारे १,००० टन तेल उथळ, निळ्या पाण्यात पसरलं. उरलेलं बरंचसं तेल उपसून झाल्यावर १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. यंत्रणा सांगत होती, किनाऱ्यावर येऊ नका. लोक पाचट घेऊन आलेच. २९ ऑगस्टला राजधानी पोर्ट लुईमध्ये हजारो लोक काळे कपडे घालून रस्त्यावर उतरले. त्यांचा सवाल साधा होता: बारा दिवस मिळाले होते, तेव्हा काय केलं?

समुद्र मराठवाड्यापासून लांब आहे, पण तेल नाही. सोलापूर-धुळे महामार्गावरून तुळजापूर, धाराशिव, बीड, गेवराई, छत्रपती संभाजीनगर असे डिझेल-पेट्रोलचे टँकर रात्रंदिवस धावतात. एखादा उलटला की तेल आधी नाल्यात उतरतं, नाल्यातून नदीत आणि नदीकाठच्या विहिरींत. समुद्रात जे शिकायला मिळालं, तेच इथे छोट्या मापात लागू पडतं.

पहिला आकडा नेहमी लहान असतो

मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेल खोदणाऱ्या तराफ्यावर स्फोट झाला. ११ कामगार गेले. समुद्राच्या तळाशी, सुमारे दीड किलोमीटर खोल, विहिरीचं तोंड उघडं राहिलं. विहीर बीपी कंपनीची. सुरुवातीला सांगितलं गेलं की दिवसाला १,००० बॅरल तेल गळतंय. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, तेव्हा हे झाले साधारण दीड लाख लिटर. वीस हजार लिटरचे आठ टँकर. आठवड्याभरात हा आकडा ५,००० बॅरलवर गेला. शेवटी सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तो होता सुरुवातीला दिवसाला ६२,००० बॅरल. तसेच टँकर मोजायचे तर रोज जवळपास पाचशे.

आठचे पाचशे झाले ते लोकांच्या रेट्यामुळे. तळाशी लावलेल्या कॅमेऱ्यांचं चित्रण लोकांना दाखवा, अशी मागणी लोकांतून आणि अमेरिकी संसदेतून वाढत गेली आणि मे महिन्यात ते उघडं करावं लागलं. पर्ड्यू विद्यापीठातल्या एका अभियंत्याने त्या चित्रणातल्या तेलाच्या लोटाचा वेग मोजून दिवसाला ७०,००० बॅरलच्या आसपासचा अंदाज दिला. तोवर जाहीर झालेला आकडा त्यापुढे टिकला नाही.

आकड्यासाठी एवढी ओढाताण का, तर दंड बॅरलवर बसतो. अमेरिकी कायद्यात तेव्हा दर बॅरलला १,१०० डॉलर होता, आणि घोर निष्काळजीपणा सिद्ध झाला तर ४,३०० डॉलरपर्यंत. विहीर १५ जुलैला, म्हणजे ८७ व्या दिवशी बंद झाली. सरकारी अंदाज ४९ लाख बॅरल होता, न्यायालयाने ३१.९ लाख बॅरल धरले. २०१६ मध्ये तडजोड ठरली ती सुमारे २०.८ अब्ज डॉलरची.

आपल्याकडेही तोच प्रकार. २८ जानेवारी २०१७ रोजी चेन्नईजवळच्या एन्नोर बंदराबाहेर दोन जहाजांची टक्कर झाली. आधी सांगण्यात आलं, विशेष काही सांडलेलं नाही. किनाऱ्यावर डांबरासारखा थर येऊन लागला, मच्छीमार आणि कॉलेजची मुलं बादल्यांनी तो उपसू लागली, आणि मग आकडा वाढत वाढत सुमारे २५० टनांवर गेला. बादल्यांचे ते फोटो पाहून लोक हसले. पण एवढ्या घट्ट, पाणी शोषलेल्या गाळापुढे पंप तुंबतात आणि बादली चालते, हेही तितकंच खरं.

तवंग मोजता येतो

रस्स्यावरची तर्री बघून आचारी तेल किती पडलंय ते सांगतो. पाण्यावरच्या तवंगाचंही तसंच आहे. समुद्रावर विमानातून पाहणी करणारे रंगावरून जाडी ठरवतात, आणि तो तक्ता आपल्या शेततळ्यालाही चालतो. फिकट चंदेरी झाक असेल तर थर ०.०४ ते ०.३ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). इंद्रधनुष्याचे रंग दिसत असतील तर ०.३ ते ५ मायक्रॉन. धातूच्या पत्र्यासारखी चमक असेल तर ५ ते ५० मायक्रॉन. तेलाचा स्वतःचा काळा-तपकिरी रंग सलग दिसू लागला, तर २०० मायक्रॉनच्या वर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

आता गुणाकार. एका एकरावर एक मायक्रॉन थर म्हणजे चार लिटर तेल. तीस मीटर बाय तीस मीटरचं शेततळं म्हणजे नऊ गुंठे. ते सगळं इंद्रधनुषी दिसत असेल, तर त्यात कमीत कमी पाव लिटर आणि जास्तीत जास्त साडेचार लिटर तेल आहे. म्हणजे रंगीत तवंग बघून ‘हजारो लिटर सांडलं’ म्हणणारा जितका चुकतो, तितकाच काळा सलग थर बघून ‘थोडंसंच आहे’ म्हणणाराही चुकतो. त्याच शेततळ्यावर काळा थर एक मिलिमीटरचा झाला, की ते ९०० लिटर असतं.

रंगाबद्दल आणखी एक. साचलेल्या पाण्यावर, आडात, झऱ्याच्या कडेला कधी कधी तेल नसतानाही रंगीत पापुद्रा दिसतो. तो लोहावर वाढणाऱ्या जीवाणूंचा. काडीने ढवळून बघा: पापुद्रा काचेसारखा तुटून तुकडे वेगळे राहिले तर जीवाणू, तुटून परत एकमेकांत मिसळला तर तेल.

तवंग कुठे जाणार, तेही सांगता येतं. साचलेल्या पाण्यावर तो वाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याच्या वेगाच्या साधारण ३ टक्के वेगाने सरकतो. ताशी २० किलोमीटर वारा असेल तर तवंग तासाला ६०० मीटर. नाथसागरासारख्या मोठ्या जलाशयात कोणता काठ आधी माखेल, हे एवढ्यावरून ठरवता येतं. वाहत्या पाण्यात मात्र प्रवाहाचा पूर्ण वेग धरायचा.

किनाऱ्याचं काय होतं

सगळे किनारे सारखे माखत नाहीत आणि सारखे धुतलेही जात नाहीत. लाटा आपटणारा खडकाळ किनारा बराचसा आपोआप साफ होतो. वाळूत तेल खाली झिरपतं आणि पुढच्या भरतीला वर वाळू चढली की गाडलं जातं. सगळ्यात वाईट अवस्था खाडीतल्या चिखलाची आणि कांदळवनाची. खारफुटीची मुळं हवेसाठी चिखलातून वर आलेली असतात. त्यांच्यावर तेलाचा लेप बसला की झाड उभ्या उभ्या गुदमरतं. चिखलात प्राणवायू नसतो, त्यामुळे तेल खाणारे जीवाणू तिथे फारच सावकाश काम करतात. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया’ या जहाजांची टक्कर झाली, तेव्हा रायगड-नवी मुंबईच्या बाजूच्या खारफुटीवर हीच वेळ आली होती.

जड तेल पाण्यात घुसळलं गेलं की ते पाणी शोषून फुगतं. फुगलेल्या लगद्यात ७०-८० टक्के पाणी असू शकतं, म्हणजे शंभर लिटर तेलाचा तीनशे ते पाचशे लिटर चिकटा होतो. साफ करणाऱ्यांचा अंदाज इथेच कोलमडतो: शंभर पिंपं आणलेली असतात आणि लागतात चारशे.

आणि उत्साहाने केलेली सफाई कधी कधी तेलापेक्षा जास्त मारते. १९६७ मध्ये इंग्लंडजवळ ‘टोरी कॅनियन’ हे तेलवाहू जहाज फुटलं, तेव्हा ओतलेल्या साबणी रसायनांनी किनाऱ्यावरचे जीव तेलापेक्षा जास्त मारले. २४ मार्च १९८९ ला अलास्कात एक्सॉन कंपनीच्या ‘एक्सॉन व्हाल्डेझ’ जहाजातून सुमारे ४ कोटी लिटर तेल सांडलं, तिथे टीव्हीवर सगळं स्वच्छ दिसायला हवं होतं म्हणून खडक गरम पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले. नंतरच्या पाहणीत असं दिसलं की धुतलेल्या खडकांवर जीवसृष्टी परतायला न धुतलेल्यांपेक्षा जास्त वेळ लागला.

लोकांनी काय काय केलं आणि त्यातलं काय लागू पडलं

एक्सॉनची क्रेडिट कार्डं लोकांनी कापून कंपनीला पाठवली. बीपीच्या पंपांवर बहिष्कार पडला, पण अमेरिकेतले त्या पाटीचे जवळपास सगळे पंप स्वतंत्र मालकांचे होते. धंदा बुडाला तो गावातल्या पंपवाल्याचा. आपल्याकडेही बहुतेक पंप डीलरचे असतात, पाटी कंपनीची. तेव्हा पंपासमोर टायर जाळण्याआधी एवढं लक्षात असू द्यावं.

बीपीच्या वेळी लोकांनी सलूनमधले केस गोळा करून टनावारी पाठवले. केस तेल धरतात हे खरं, पण पाणीही धरतात आणि मग बुडतात. यंत्रणेने ते वापरलेच नाहीत. गोदामं भरून पडली.

पाचटाचा मामला जरा वेगळा. मॉरिशसचं तेल किनाऱ्याजवळ, उथळ आणि संथ पाण्यात होतं, पिशव्या लगेच बदलता येत होत्या, आणि पाचट पैशाला पासरी होतं. अशा ठिकाणी ते चालतं. पाचट, भुसा, काड हे आपल्या वजनाच्या साधारण पाच-दहा पट तेल धरतात. कच्चा, न धुतलेला कापूस त्याहून सरस: त्याच्या धाग्यावर नैसर्गिक मेण असतं, म्हणून तो पाणी झिडकारतो आणि तेल ओढतो, जाड तेल प्रयोगशाळेत वजनाच्या तीसपट किंवा जास्तही धरतो. बाजारात कुणी विचारत नाही ती कवडी, म्हणजे किडका-डागी कापूस, इथे कामाची. डिझेल पातळ असल्याने ते कमी धरलं जातं आणि उचलताना ठिबकतं. मोकळं पाचट पाण्यावर कधीच फेकायचं नाही. पिशवीत बांधलेलंच टाकायचं, नाहीतर सहा तासांनी तेलकट कचरा तळाशी आणि तवंग तिथेच.

मासे खायचे की नाही, हा प्रश्न २०१० मध्ये मुंबईत आला आणि मासळीबाजार पडला. मासा शरीरात शिरलेली तेलातली बरीच विषारी द्रव्यं पचवून बाहेर टाकू शकतो. तिसऱ्या, कालवं यांना ते नीट जमत नाही. म्हणून शिंपल्यांबाबत जास्त दिवस सांभाळावं. मासळीला डिझेलचा वास येत असेल तर ती खायची नाही, यात वाद नको.

टँकर इथे उलटला तर

आधी टँकरच्या मागची नारिंगी पाटी वाचा, लांबूनच. १२०३ हा आकडा असेल तर पेट्रोल, १२०२ असेल तर डिझेल. तिथेच आपत्कालीन फोन नंबर असतो. तो आणि ११२, दोन्हीकडे फोन, पण वाऱ्याच्या वरच्या बाजूला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे जाऊन. पेट्रोल असेल तर वाऱ्याच्या खालच्या बाजूची वस्ती किमान ३०० मीटरपर्यंत हलवायची. टँकर पेटला असेल तर सगळ्या बाजूंनी ८०० मीटर.

कॅन-बादल्या घेऊन धावणाऱ्यांसाठी एकच गोष्ट. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात अहमदपूर शर्किया इथे ४०,००० लिटरचा टँकर उलटला. लोक पेट्रोल भरायला जमले, आग लागली आणि दोनशेहून जास्त माणसं मेली. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती उताराने जमिनीलगत सरपटत जाते. लांब उभ्या असलेल्या मोटारसायकलची किक पुरते. डिझेल सुरक्षित, ही समजूतही उन्हाळ्यात धरू नका. आपल्याकडच्या डिझेलची पेट घेण्याजोगी वाफ सुटण्याची किमान मर्यादा ३५ अंश आहे. मे महिन्यातल्या बीडच्या डांबरी रस्त्यावर ती केव्हाच ओलांडलेली असते.

तेल नाल्यात उतरलं असेल तर नुसता बांध घालून भागत नाही. पाणी चढतं आणि वरचं तेल आधी ओलांडून जातं. इथे उलटा विचार करायचा: पाणी खालून जाऊ द्यायचं, तेल वर अडवायचं. मुरमाची पोती आणि माती यांचा आडवा बांध घाला, आणि त्यातून आठ इंची पीव्हीसी किंवा सिमेंटचा पाइप तिरपा बसवा. वरच्या बाजूचं तोंड खाली, नाल्याच्या तळाजवळ. खालच्या बाजूचं तोंड उंच. पाणी उंच तोंडापर्यंत तुंबतं आणि तळातलं पाणी तेवढं पाइपातून बाहेर पडतं. वरच्या बाजूचं तोंड पाण्याच्या पातळीखाली किमान दीड फूट हवं.

इथे तीन चुका हमखास होतात. पाइपाचं तोंड उथळ राहतं, मग पाण्याला भोवरा पडतो आणि तेल आत खेचलं जातं. दुसरी, पाइप कमी पडतो. आठ इंची पाइपातून सेकंदाला साधारण ३० लिटर पाणी जातं; दोन फूट रुंद, अर्धा फूट खोल, सावकाश वाहणाऱ्या ओढ्याला एक पाइप जेमतेम पुरतो. दोन टाका. तिसरी, अडवलेलं तेल कुणी उपसतच नाही. दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद डोहात १,००० लिटर तेलाचा थर पाच सेंटिमीटर होतो; ५,००० लिटरचा पंचवीस. थर पाइपाच्या तोंडापर्यंत उतरला की सगळी मेहनत वाहून गेली. आणि सांडलेलं पेट्रोल असेल, तर जवळ जेसीबी लावायचा नाही. त्याचं इंजिनच ठिणगी आहे. बांध खूप खाली, वाऱ्याच्या वरच्या बाजूला घालायचा.

काळ्या जमिनीचा वेगळा विचार करावा लागतो. पावसाळ्यात ती फुगून बंद होते, तेल वरवर राहतं. उन्हाळ्यात हात घालाल तेवढ्या भेगा असतात. डिझेल त्यांतून सरळ मुरमात आणि तिथून खडकाच्या सांध्यांत. म्हणून मे महिन्यात सांडलेलं तेल तासाभरात दिसेनासं झालं, तर ते उडालं असं समजू नका. माखलेली माती उकरून ताडपत्रीवर काढायची, वरून झाकायची.

विहिरीचा हिशेब बघा. पिण्याच्या पाण्यात बेन्झीनची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त एक टक्का. पेलाभर पेट्रोलमध्ये दीड ग्रॅमपर्यंत बेन्झीन निघेल, आणि ते सगळं विरघळलं तर दीड लाख लिटर पाणी मर्यादेबाहेर जातं. वीस फूट व्यासाची, सोळा-सतरा फूट पाणी असलेली विहीर साधारण तेवढीच भरते. टीसीएल पावडर, तुरटी, उकळणं यांतल्या कशानेच हे पाणी पिण्याजोगं होत नाही. भांड्याचा साबण तर मुळीच टाकू नका. तेल दिसेनासं होतं कारण ते बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतं. मोटर बंद ठेवा. विहीर जितकी उपसाल, तितकं आजूबाजूचं तेल ती ओढून घेते.

भरलेलं पाचट, कवडी, पोती, माती हा सगळा घातक कचरा ठरतो. तो उकिरड्यावर टाकायचा नाही, पेटवायचाही नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळामार्फत रांजणगाव किंवा तळोज्यासारख्या केंद्रावर गेला पाहिजे आणि त्याचा खर्च सांडणाऱ्याने द्यायचा.

भरपाईचे कागद

एक्सॉनला १९९४ मध्ये ज्यूरीने ५ अब्ज डॉलरचा दंडात्मक भुर्दंड बसवला होता. खटला चालत राहिला आणि २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो ५०.७५ कोटी डॉलरवर आला, जवळपास दहावा हिस्सा. आपल्याकडे ऑगस्ट २०११ मध्ये मुंबईजवळ ‘राक’ हे कोळशाचं जहाज बुडालं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये जहाजवाल्यांना १०० कोटी भरायला सांगितले. उशीर सगळीकडे होतो, म्हणून पहिल्या दोन दिवसांतले कागद मोलाचे.

तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या: किती गुंठे, कोणतं पीक, किती विहिरी, किती जनावरं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला नमुना घ्यायला लावा. खटल्यात जल अधिनियम १९७४ च्या कलम २१ प्रमाणे घेतलेला नमुनाच धरला जातो. स्वतःसाठी वेगळा घ्यायचा असेल तर गडद काचेच्या, स्वच्छ बाटलीत. प्लॅस्टिक तेल शोषतं. पेट्रोलचा संशय असेल तर बाटली काठोकाठ भरा, वर हवा राहू देऊ नका, आणि बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्या. तवंगाचे फोटो काढताना शेजारी मोजपट्टी किंवा ओळखीची वस्तू ठेवा, रंग नीट दिसू द्या. टँकरची नारिंगी पाटी, नंबर, बिल्टी यांचेही फोटो हवेत, कारण कागदावरचे लिटर आणि टाकीत उरलेले लिटर यांच्या वजाबाकीतूनच सांडलेलं तेल निघतं.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. भरपाईसाठी तिथे पाच वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पण न्यायाधिकरणाच्या कायद्यातल्या कलम १४ खालचे इतर वाद सहा महिन्यांतच न्यावे लागतात, तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत घटनेची तारीख सांगा.